गुडघ्यावरची चांदणी

तीस वर्षं मी उलटं वाचून पोट भरलं. यात माझी थोरवी काही नाही. छापखान्यात वाढलेल्या माणसाला दुसरं काय येणार? आमच्या तीर्थरूपांचा धाराशिवात (गावाचं सरकारी नाव तेव्हा उस्मानाबाद होतं) पायानं चालवायचा एक ट्रेडल होता, शिशाच्या खिळ्यांचे आठ-दहा खण होते आणि गणपतीचा एक ठोकळा होता. यातला ठोकळा सर्वांत महत्त्वाचा. तालुक्यात लग्न कुणाचंही असो, पत्रिकेच्या डोक्यावर गणपती हाच बसायचा. आम्ही तिन्ही भावंडं या ठोकळ्यावर शिकलो, बहिणीचं लग्न या ठोकळ्यावर झालं, आणि तिच्या पत्रिकेवरही अर्थात हाच होता.

पुढं हा गणपती झिजला. डोळे गेले, मग मोदक गेला, आणि शेवटी एका गिऱ्हाइकानं ‘हा मारुती का छापला?’ असं विचारलं तेव्हा वडिलांनी सोलापुरातल्या एका ब्लॉकवाल्याकडून नवा ठोकळा करून आणला. सुरेख काम. वडिलांनी खूश होऊन पहिल्याच फटक्यात चारशे पत्रिका काढल्या. संध्याकाळी वधूपिता आला, पत्रिका हातात घेतली, आणि मटकन खाली बसला.

“मालक, हा उजव्या सोंडेचा झाला की! ह्याचं सोवळं कोण पाळायचं? आमच्या घरात कोंबड्या हायत!”

घोटाळा असा झाला होता की, ठोकळा छापताना उलटतो हे ब्लॉकवाला विसरला होता. नमुना दिला तसाच्या तसा त्यानं कोरला, आणि आमच्या गरीब डाव्या सोंडेच्या गणपतीची सोंड कागदावर कडक उजवी झाली. चारशे पत्रिका वाया गेल्या. वडील त्या रात्री जेवले नाहीत. पण झोपताना एक वाक्य बोलले, ते मी धंद्याचा मंत्र म्हणून जपून ठेवलं आहे. “चित्र काढणाऱ्याला कधी उजवं-डावं विचारू नये. त्याला विचारावं, बाबा रे, तू कुठं उभा आहेस?”

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो परदेशी असतो आणि मामा निवृत्त होऊन रिकामा बसला आहे याची त्याला फार काळजी. त्यानं मला युरोपातल्या जुन्या छापील पुस्तकांतल्या नक्षत्रचित्रांच्या प्रती काढून पाठवल्या. मामानं जन्मभर छापखाना केला, मामाला आवडतील, एवढाच त्याचा हिशेब. मला त्या आवडल्याच. पण चौथ्या-पाचव्या चित्राशी मी थबकलो. सोंड चुकली होती!

पण आधी या पुस्तकांचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध सांगतो. हसू नका, संबंध आहे. आणि तो कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही, खुद्द टॉलेमीचा आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हा गृहस्थ राहत होता. त्यानं दोन मोठे ग्रंथ लिहिले. एकात आकाशाचा हिशेब मांडला: हजारावर तारे, त्यांची ४८ तारकाचित्रांत वाटणी. दुसऱ्यात पृथ्वीचा हिशेब मांडला: हजारो गावांची नावं आणि ती कुठं आहेत त्याचे आकडे. या दुसऱ्या ग्रंथात पैठण आहे आणि ‘तगर’ आहे. तगर म्हणजे आमचं तेर! तेरणेच्या काठचं, गोरोबाकाकांचं तेर. या गावचं कापड त्या काळी गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून गलबतानं पश्चिमेकडं. तेरला आजही संग्रहालयात जाऊन बघा, त्या व्यापाराच्या खुणा काचेच्या कपाटांत मांडून ठेवल्या आहेत. तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव यावर विद्वानांचं पुष्कळ दिवस भांडण चाललं होतं. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. अखेर १९०१ साली फ्लीट या पंडितानं तेरच्या नावावर ते पक्कं केलं.

आता गंमत ऐका. तेर हे पैठणच्या दक्षिणेला, अग्नेयेकडं. टॉलेमीनं ते मांडलं ईशान्येला. म्हणजे आमचं गाव उचलून त्यानं पार पैठणच्या डोक्यावर ठेवलं. बिचाऱ्याचा दोष नाही. तो कधी तेरला आला नव्हता. व्यापारी सांगतील ते ऐकून लिहायचं, त्यात वर-खाली व्हायचंच. पण नाव राहिलं. अठराशे वर्षांनी त्या चुकीच्या जागेवरूनसुद्धा बरोबर गाव सापडलं. माझा तर टॉलेमीवरचा विश्वास यामुळं वाढला. न चुकणाऱ्या माणसाशी माझं कधी जमलेलं नाही.

आकाश मात्र त्यानं आपल्या डोळ्यांनी बघितलेलं. पण ताऱ्याचा पत्ता सांगायची त्याची रीत अगदी आपल्याकडची. आमच्या गावात घर क्रमांक सांगून कुणी घर शोधत नाही. “मारुतीच्या पाठीमागं, लिंबापासून तिसरं” असं म्हटलं की माणूस बरोबर दारात. टॉलेमीही तसाच लिहितो. अमका तारा उजव्या खांद्यावरचा, तमका शेपटीच्या टोकाचा. एका तारकाचित्राला तर त्याच्या वेळी नीटसं नावही नव्हतं. नुसता ‘गुडघे टेकलेला’. हा कोण, कशासाठी गुडघे टेकून बसलाय, हे कुणालाच ठाऊक नाही, असं त्याच्याही आधीच्या अराटस नावाच्या कवीनं लिहून ठेवलं होतं. तरी टॉलेमीनं त्याचा उजवा गुडघा कोणता नि डावा कोणता हे चोख नोंदवलं. घरमालकाचं नाव माहीत नाही, पण पत्ता पक्का! मागाहून लोकांनी त्याला हर्क्युलिस करून टाकलं.

पत्ते हे असे, आणि त्यांवरून चित्रं काढली ती तेराशे वर्षांनी, छापखाने निघाल्यावर. १४८२ साली व्हेनिसमध्ये एऱ्हार्ट राटडोल्ट नावाच्या मुद्रकानं हायजिनसचं आकाशकथांचं जुनं पुस्तक लाकडी ठोकळ्यांची चित्रं घालून छापलं. याच माणसानं त्याच वर्षी युक्लिडची भूमिती पहिल्यांदा छापली. आणि त्याच वर्षी जर्मनीत उल्म गावी टॉलेमीचा भूगोल लाकडी ठोकळ्यांच्या नकाशांसह निघाला. म्हणजे आकाश आणि तगर एकाच साली ठोकळ्यांवर चढले. मी हे वाचलं तेव्हा मला आमचा ट्रेडल धडधडल्यासारखा वाटला.

राटडोल्टची चित्रं बघायला झकास आहेत. ठसठशीत रेघा, प्रत्येकाला चेहरा. पण चांदण्या? साडीवर टिकल्या लावाव्यात तशा. हाताला एक, पोटाला दोन, जागा उरली तिथं आणखी एक. आकाशातल्या जागेशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. त्या पुस्तकावरून तारा शोधायला निघालेला माणूस सकाळपर्यंत शोधत बसेल. मला राटडोल्टचा राग येत नाही. कोरणारा रात्री आकाश बघत नसतो, दिवसा लाकूड बघत असतो. आणि गिऱ्हाइकाला चित्र हवं होतं, चांदणी नव्हे.

लाकडी ठोकळ्याची एक सोय असते. त्यात रेघ उंच राहते, बाकीचं खरवडून काढतात. त्यामुळं तो खिळ्यांच्या शेजारी बसतो आणि मजकुराबरोबर एकाच दाबात छापून निघतो. तांब्याच्या पत्र्याचं काम उलटं. भांडेवाला टोकदार छिन्नीनं तांब्या-परातीवर नाव घालतो ना, तशी रेघ खोल कोरायची, शाई त्या खाचेत भरायची, वरचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद वर ठेवून रुळांतून दाबून काढायचा. हे मजकुराबरोबर जमत नाही, वेगळं यंत्र लागतं, खर्च वाढतो. पण रेघ अशी बारीक येते की केसाची बरोबरी. १६०० साली हॉलंडमधल्या लायडन गावी सतरा वर्षांच्या ह्यूगो ग्रोशियसनं अराटसचं जुनं काव्य संपादून छापलं, त्यातली चित्रं याकोब द गेन या कलावंताची, तांब्यावरची. नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितातली चित्रं त्यानं समोर ठेवली होती. म्हणजे मूळ चित्र सातशे-आठशे वर्षं जुनं, काव्य त्याहून हजार वर्षं जुनं, आणि संपादक मिसरूड न फुटलेला! मी सतराव्या वर्षी ‘चि. सौ. कां.’ नीट जुळवत नव्हतो.

तीनच वर्षांनी, १६०३ मध्ये, आउग्सबुर्गच्या योहान बायर नावाच्या वकिलानं ‘युरानोमेट्रिया’ हा तारकांचा नकाशासंग्रह काढला. ५१ तांब्याचे पत्रे, कोरणारा आलेक्झांडर मायर. यात चांदण्या मोजून-मापून, जिथल्या तिथं. शिवाय प्रत्येक तारकाचित्रातल्या ताऱ्यांना ग्रीक अक्षरं दिली: आल्फा, बीटा, गॅमा. वकीलच तो, पुराव्याला क्रमांक टाकल्याशिवाय त्याला चैन कसं पडणार? ही अक्षरं अजून चालू आहेत.

आणि या बायरपाशीच मी थबकलो. त्यानं आकाश जमिनीवरून दिसतं तसं काढलं, हे ठीक. पण पुष्कळ माणसं आपल्याकडं पाठ करून उभी केली. टॉलेमीची माणसं आपल्याकडं तोंड करून असतात. समोरच्याचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो. आता तोच माणूस जागच्या जागी वळवा. तारा हलला नाही, पण उजव्या खांद्यावरचा तारा डाव्या खांद्यावर गेला. सगळे पत्ते बोंबलले! इंग्लंडचे पहिले राजज्योतिषी फ्लॅमस्टीड यांनी यावरून बायरला चांगलंच फटकारलं आणि आपल्या नकाशांत माणसं पुन्हा सरळ तोंडानं उभी केली. ते नकाशे छापून निघाले १७२९ साली, फ्लॅमस्टीड वारल्यावर दहा वर्षांनी. छापखान्याची दिरंगाई ही जुनीच गोष्ट आहे.

हा पाठ-पोटाचा घोळ मुळात गोलावरून आला. गोलावर आकाश काढायचं तर ते बाहेरून दिसतं, देवाला दिसत असेल तसं. तिथं माणसांच्या पाठी दिसतात. ड्यूररनं १५१५ साली लाकडी ठोकळ्यांवर आकाशाचे दोन नकाशे छापले, ते असेच बाहेरून बघितलेले. त्यातल्या एका नकाशाच्या चार कोपऱ्यांत चार जुने जाणकार बसवलेत. एक टॉलेमी, एक अराटस, एक मनिलियस नावाचा रोमन कवी आणि चौथा फेटेवाला इराणचा अल-सूफी. या चौघांत मला अल-सूफी शहाणा वाटतो. त्यानं ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात प्रत्येक तारकाचित्र दोनदा काढलं: एकदा जमिनीवरून दिसतं तसं, एकदा गोलावर दिसतं तसं. म्हणजे ‘बाबा रे, तू कुठं उभा आहेस?’ हा आमच्या वडिलांचा प्रश्न त्यानं हजार वर्षांपूर्वीच विचारून ठेवला होता. सोलापूरच्या ब्लॉकवाल्यानं अल-सूफी वाचला असता तर आमच्या चारशे पत्रिका वाचल्या असत्या.

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं घरात सांगितलं. आमची सौभाग्यवती म्हणाली, “तुम्हाला अजून गॅसचं बटण डावीकडं फिरवायचं का उजवीकडं ते कळत नाही. आकाशाचं काय घेऊन बसलात?” घरात संशोधनाला उत्तेजन मिळत नाही ते असं.

नात मात्र तयार झाली. मार्चमधल्या एका रात्री मी तिला घेऊन गच्चीवर गेलो. हातात बायरचं मोठं अस्वल. म्हटलं, सप्तर्षींवरून आपण अस्वल जुळवू. तिनं चित्राकडं बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, “आजोबा, अस्वलाला एवढं मोठं शेपूट असतं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच की! दरवेशाचं अस्वल आम्ही लहानपणी दारात नाचताना पाहिलंय. त्याला शेपूट म्हणजे नुसतं नावाला. जर्मनीतल्या कोरणाऱ्यांनीही अस्वल पाहिलेलं असणार. पण टॉलेमीनं लिहून ठेवलं होतं: एक तारा शेपटीच्या मुळाजवळ, एक मध्ये, एक टोकाला. ग्रंथात शेपूट आहे म्हटल्यावर अस्वलाची काय बिशाद? दोनशे-तीनशे वर्षं युरोपातले एकाहून एक कसबी कारागीर तांब्यावर अस्वलाला मांजराला लाजवील असं शेपूट कोरत राहिले.

“मग ते काय आहे?” नातीनं विचारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ते म्हातारीचं बाजलं आहे.”

हे मला माझ्या थोरल्या मावशीनं शिकवलं. तिचं गाव उमरग्याच्या बाजूला. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पोरं तिच्याकडं जायचो आणि रात्री माळवदावर झोपायचो. ज्यांना माळवद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: दगडामातीच्या जाड भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. खाली गारवा, वर निजायला मैदान. माळवदावर आडवं झालं की आकाश अंगावर यायचं. मावशी बोटानं दाखवायची, “ते बघ बाजलं. चार खूर दिसायलेत का? म्हातारीची बाज हाय ती. अन् मागं ते तीन चोर. बाजेचे खूर न्यायला आलेत. म्हातारी जागी हाय तवर त्यास्नी काय जमत न्हाई.” मग मृगाचं तिकांडं, मग विंचू. ग्रीकांनी ज्याला हातात सोटा देऊन शिकारी केलं, त्यालाच आपण हरिण करून पोटात बाण मारून ठेवलाय, हे मला फार पुढं कळलं. मावशीला शाळा ठाऊक नव्हती. पण तिच्या अस्वलाला शेपूट लावावं लागत नव्हतं, कारण तिथं अस्वलच नव्हतं. चार पाय चार कोपऱ्यांना, तीन चोर तीन जागी. सगळे तारे जिथल्या तिथं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, सास्तूर आमच्या. भूकंपाला जिल्ह्याची हद्द नसते. हजारो माणसं गेली. भूकंपानं मारलं असं आपण म्हणतो, पण बहुतेकांना मारलं ते त्या जाड भिंतींनी आणि वरच्या हातभर मातीनं. आम्ही ज्याच्यावर पडून चांदण्या मोजल्या, तेच माळवद खाली आलं.

मावशीला खोकला होता. आपल्या खोकल्यानं घराची झोपमोड नको म्हणून ती अंगणात बाज टाकून निजली होती. ती राहिली. काका आत होते.

मी त्या ऑक्टोबरात तिच्याकडं जाऊन राहिलो. सरकारनं पत्र्याची शेड उभी केली होती, पण ती आत पाऊल टाकायला तयार नव्हती. डोक्यावर काही नको म्हणायची. तिच्या बाजेशेजारी मी घोंगडी टाकून पडायचो. बोलणं नसायचंच. महिनाअखेरीला एका पहाटे मला जाग आली तर ती उठून बसलेली. उत्तर-पूर्वेला बाजलं उगवत होतं. ऑक्टोबरात ते पहाटे उगवतं: आधी चार खूर वर येतात आणि चोर मागाहून एकेक निघतात. मावशी तिकडं बघत होती. म्हणाली, “जलम गेला बघ, ह्यास्नी कधी खूर नेता आला न्हाई. ह्या बारीला नेला रं.”

मी काय बोलणार? मी फक्त खूर मोजले. चार होते. तिला सांगायचं धाडस झालं नाही.

आता त्या तऱ्हेची माळवदं उमरग्याकडं फारशी उरली नाहीत. लोकांना त्यांच्याखाली झोप येईना. आकाशाचंही तसंच झालं. १९२२ साली जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी बसून आकाशाची ८८ तारकाचित्रं कायम केली, आणि १९३० साली त्यांच्या सरळ रेघांच्या हद्दी छापून निघाल्या. आकाशाचा सात-बारा झाला. टॉलेमीच्या ४८ पैकी एक मोठं जहाज होतं, त्याची भाऊबंदकीत होते तशी तीन तुकड्यांत वाटणी झाली. बाकीची ४७ अजून नांदताहेत. पण अस्वलं, गुडघे, खांदे यांची नकाशाला गरज उरली नाही. आकड्यांवर तारा सापडतो. मला यात तक्रार नाही. चित्रं होतीच मुळी लक्षात ठेवायला. खुंटीवर सदरा अडकवावा तशी माणसांनी त्यांच्यावर चांदणी अडकवली. खुंटीचं नक्षीकाम व्हेनिसवाल्यानं केलं, लायडनवाल्यानं केलं, आउग्सबुर्गच्या वकिलानं केलं. कुणाची उलटी बसली, कुणाची वाकडी. पण टॉलेमीच्या चुकीच्या जागेवरूनही तेर सापडलंच की. आणि मला सप्तर्षी आजही एका झटक्यात सापडतात, ते बायरमुळं नव्हे.

नातीनं मात्र बायर सोडला नाही. तिनं पेन्सिल घेतली आणि त्या सुंदर अस्वलाच्या अंगावरच चार खुरांची बाज काढली. चारशे वर्षांपूर्वीच्या कोरीव अस्वलाला असा बिछाना कुणी दिला नसेल. मग शेपटीवर तीन ठिपके गिरवून तिनं विचारलं, “आजोबा, चोर कुठल्या बाजूनं आले? उजव्या का डाव्या?”

मी वडिलांचं वाक्य काढलं. म्हटलं, “आधी सांग, तू कुठं उभी आहेस?”

“स्लॅबवर,” ती म्हणाली.